व्हेपमधला 'टेम्परेचर कंट्रोल' नेमकं काय कंट्रोल करतो?

आजचा विषय मी स्वतःहून निवडलेला नाही, तो माझ्या आत्याच्या मुलाने माझ्या गळ्यात टाकला.

झालं असं. गारखेड्यात विभागीय क्रीडा संकुलाजवळ आम्ही संध्याकाळी चहाला भेटलो होतो. तो पॉलिटेक्निकला दुसऱ्या वर्षाला आहे. चहा येईपर्यंत त्याने मोबाईलवर एक रील दाखवलं. हातात मावेल असा चौकोनी डबा, वर छोटी स्क्रीन, स्क्रीनवर '२२०°' आणि '०.५०' असे आकडे. म्हणाला, "दादा, हे टीसी मोडवालं आहे. टेम्परेचर लॉक होतं, काही जळतच नाही. म्हणजे सेफ ना? मित्राकडे आहे, अर्ध्या किमतीत देतोय."

मग हळूच कळलं की गेले सहा महिने साहेब त्या पेनसारख्या, वापरून फेकायच्या व्हेपवर आहेत. दोन तासांचं प्रॅक्टिकल असलं की मध्ये एकदा बाहेर जावंच लागतं. त्याला ते सोडायचं नव्हतं, पण भीतीही वाटत होती, म्हणून तो 'सेफ' पर्याय शोधत होता. हा प्रश्न त्याने मला विचारला कारण मी वाळूजला एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो. दिवसभर तापमान मोजणं आणि ते धरून ठेवणं हीच माझी रोजीरोटी.

त्याला टपरीवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

त्या डब्यात थर्मामीटर नसतो

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या. स्क्रीनवर २२० अंश दिसतात, पण कॉइलला कुठलाही तापमानाचा सेन्सर चिकटवलेला नसतो. डबा फक्त एक गोष्ट मोजतो, कॉइलचा रेझिस्टन्स, म्हणजे आपण दहावीत शिकलो तो रोध. त्यावरून तो तापमानाचा हिशोब मांडतो.

तत्त्व सोपं आहे. बहुतेक शुद्ध धातू तापले की त्यांचा रोध वाढतो. किती वाढतो हे प्रत्येक धातूचं ठरलेलं असतं. घरी बघायचं असेल तर जुना पिवळा ६० वॅटचा बल्ब शोधा. होल्डरमधून काढलेल्या, थंड बल्बला मल्टिमीटर लावा. माझ्याकडे साठ-पासष्ट ओहमच्या आसपास आकडा आला. आता गणित करा. २३० व्होल्टवर ६० वॅट खाणाऱ्या बल्बचा रोध साधारण ८८० ओहम असायला हवा. मल्टिमीटर खोटं बोलत नाही आणि गणितही चुकलेलं नाही. पेटलेल्या बल्बची तार दोन-अडीच हजार अंशांना पोचते, तिथे तिचा रोध थंड असतानाच्या तेरा-चौदा पट होतो. (पेटलेल्या बल्बला किंवा होल्डरला मल्टिमीटर लावायचा प्रयोग करू नका. थंड, बाहेर काढलेला बल्बच.)

म्हणजे थंड असतानाचा रोध माहीत असेल, तार कुठल्या धातूची हे माहीत असेल आणि आत्ताचा रोध मोजता येत असेल, तर तापमान काढता येतं. व्हेपमधल्या टीसी मोडचं सगळं गुपित एवढंच आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या इव्हॉल्व्ह कंपनीच्या डीएनए ४० या चिपने ही सोय बाजारात आणली, तेव्हा त्यासाठी निकेलची तार वापरायचे. नंतर टायटॅनियम आणि स्टेनलेस स्टील आलं.

आकड्यांत बघू. निकेलचा रोध दर अंशाला साधारण ०.६ टक्के वाढतो, टायटॅनियमचा ०.३५ टक्के आणि ३१६एल स्टेनलेस स्टीलचा फक्त ०.०९ टक्के. साध्या व्हेपमध्ये वापरतात ती कँथलची तार जवळपास वाढतच नाही. हीटरसाठी तो तिचा गुणच आहे, पण टीसी मोडसाठी ती निरुपयोगी.

समजा स्टीलची कॉइल आहे, २० अंशांना ०.५० ओहम. २२० अंशांना ती होईल ०.५९ ओहम. डबा वीज सोडतो, सेकंदात अनेक वेळा रोध तपासतो, ०.५९ आला की वीज कमी करतो. आतला कापूस कोरडा पडला तर कॉइल झपकन तापते, रोध वर जातो आणि डबा वीज तोडतो. त्यामुळे करपलेल्या कापसाचा तो घाणेरडा झुरका येत नाही. 'काही जळत नाही' हे रीलवालं वाक्य इथून आलंय. आणि इतपत ते खरं आहे.

पण हा अंदाज किती पक्का?

आता माझ्या कामाच्या गोष्टीकडे येतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मुद्दा इथेच आहे.

आमच्याकडे ओव्हनमध्ये पीटी १०० नावाचा सेन्सर असतो. तोही याच तत्त्वावर चालतो, फक्त धातू प्लॅटिनम. शून्य अंशांना बरोबर १०० ओहम, १०० अंशांना १३८.५ ओहम. म्हणजे दर अंशाला ०.३८५ ओहम. तुमच्या फोनच्या बॅटरीजवळही तापमानाचा सेन्सर असतो, त्याला थर्मिस्टर म्हणतात. तो उलटा चालतो, तापला की रोध कमी होतो. साधारण १० हजार ओहमचा असतो आणि एका अंशाला तीन-चारशे ओहम बदलतात. एप्रिलमध्ये दुचाकीच्या होल्डरवर उन्हात फोन चार्जिंगला लावला की 'फोन गरम झालाय, चार्जिंग थांबवलं' असा मेसेज येतो ना, तो याच्यामुळे.

आणि त्या ०.५० ओहमच्या स्टील कॉइलमध्ये एका अंशाला किती बदल होतो? ०.०००४५ ओहम. इतका बारीक बदल, तोही स्क्रूने आवळलेल्या, चिकट द्रव सांडलेल्या, खिशात घासलेल्या जोडातून मोजायचा आहे. ०.०१ ओहमची चूक झाली की २२ अंशांचा घोळ. तुमच्या मल्टिमीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून बघा, तिथेच ०.१ किंवा ०.२ ओहम दिसतील.

सैल जोड काय करतो हे मी भोगलंय. एका पावडर कोटिंगच्या ओव्हनवर सेन्सरचं टर्मिनल सैल राहिलं होतं. तपासणी माझीच होती. जोडामुळे चारेक ओहम जास्त दिसत होते, म्हणजे ओव्हन दहा अंश जास्त गरम 'दिसत' होता. कंट्रोलर बिचारा इमानदार, त्याने उष्णता कमी केली. स्क्रीनवर १८० होते, आत १७०. दुसऱ्या दिवशी नखाने रंग निघत होता. अख्खी बॅच परत. तेव्हापासून स्क्रीनवरच्या आकड्यावर माझा विश्वास जोड तपासल्यावरच बसतो. कारखान्यात म्हणूनच सेन्सरला दोनऐवजी तीन वायरी काढतात, वायरीचा स्वतःचा रोध वजा करायला. व्हेपच्या कॉइलला असलं काही नसतं.

तिथे चूक उलट्या दिशेने झाली तर काय होतं बघा. डब्याला आधी कॉइलचा 'थंड' रोध शिकवावा लागतो. समजा कोणी झुरका मारून लगेच कॉइल काढली, परत बसवली आणि डब्याने विचारल्यावर 'नवीन कॉइल' म्हणून हो केलं. कॉइल तेव्हा ७० अंशांना होती, पण डबा तिलाच २० अंशांची समजला. आता सेटिंग २२० ठेवलंत तर खरं तापमान जाईल २८० अंशांच्या आसपास. स्क्रीनवर मात्र २२०.

याहून वाईट म्हणजे धातू चुकीचा निवडणं. कॉइल स्टीलची आणि मेन्यूत 'निकेल' राहिलं, तर डबा रोध सव्वादोन पट व्हायची वाट बघत बसेल. स्टीलला तिथे पोचायला १,३०० अंशांच्या वर जावं लागेल. ते होणार नाही, पण मर्यादाही लागू होणार नाही. टीसी मोड 'चालू' दिसेल आणि काहीही कंट्रोल करत नसेल. सेकंडहँड डबा, कुठून आली माहीत नसलेली कॉइल, पाकिटावर 'एसएस' छापलंय पण आत काय तार आहे देव जाणे, अशा मालात हे सहज घडू शकतं. शिवाय डबा मोजतो ती पूर्ण कॉइलची सरासरी. एका वेढ्यावर कापूस कोरडा असेल आणि बाकीचे ओले, तर तो एक वेढा किती तापला हे सरासरीत लपून जातं.

बरं, अंदाज अगदी अचूक आला तर?

आत्याच्या मुलाने हेच विचारलं. "समजा सगळं बरोबर बसवलं, मग?"

मग एक गोष्ट खरोखर कमी होते. व्हेपच्या द्रवात मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं. पहिलं १८८ अंशांना उकळतं, दुसरं २९० अंशांना. फार तापवलं की त्यांचं विघटन होतं आणि फॉर्मल्डिहाइड, अॅक्रोलिन असली द्रव्यं तयार होतात. २०१५ च्या जानेवारीत पोर्टलँड स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक छोटं टिपण छापलं. एकच डिव्हाइस ३.३ व्होल्टवर चालवलं तेव्हा त्यांना वाफेत फॉर्मल्डिहाइडची संयुगं सापडली नाहीत, ५ व्होल्टवर सापडली. त्यावर वादही झाला. टीकाकारांचं म्हणणं, इतक्या व्होल्टेजला झुरका एवढा करपट लागतो की कोणी ओढणारच नाही. वाद बाजूला ठेवा. जास्त तापमानाला ही द्रव्यं जास्त तयार होतात, कमी तापमानाला कमी, यावर फारसं दुमत नाही. कमी म्हणजे शून्य नव्हे, एवढं ध्यानात ठेवा.

पण तापमान पकडून ठेवलं म्हणून द्रवात काय आहे ते बदलत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्या तरुणांच्या फुफ्फुसांना इजा झाल्याची साथच आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथल्या सीडीसीने २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदवले. बऱ्याच जणांनी गांजातल्या टीएचसीचा द्रव ओढला होता आणि तो दाट करायला मिसळलेलं व्हिटॅमिन ई अॅसिटेट हे मुख्य कारण निघालं. अंगाला लावायला निर्धोक असलेली वस्तू, फुफ्फुसात गेल्यावर घातक. कॉइल २०० अंशांना होती की २५०, हा प्रश्नच नव्हता. डबा रोध मोजतो, द्रव चाखत नाही.

आणि निकोटीन. ते तर कुठल्याही सेटिंगला तुमच्यापर्यंत पोचावं यासाठीच सगळी उठाठेव आहे. त्याच्या पेनवर '५%' लिहिलं होतं. तो समजत होता, फक्त पाच टक्के, म्हणजे किरकोळ. ५% म्हणजे एका मिलिलिटरमध्ये साधारण ५० मिलिग्रॅम. युरोपियन युनियनमध्ये २० मिलिग्रॅमच्या वर विकायला परवानगी नाही. एवढं निकोटीन घशाला टोचायला हवं, पण त्यात आम्ल मिसळून निकोटीनचा क्षार करतात, मग ते मऊ लागतं. आंब्याच्या चवीखाली काही कळत नाही. प्रॅक्टिकलमधून मध्येच बाहेर पडावंसं वाटतं, हातांना चैन पडत नाही, ते यामुळे. हे ऐकल्यावर तो पहिल्यांदा गप्प बसला. तापमानाचं गणित त्याला मजेचं वाटत होतं, हे मात्र लागलं.

आपल्याकडचा कायदा

रीलमध्ये हा भाग नसतो. भारतात ई-सिगारेटवर बंदी आहे. १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश निघाला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठा, जाहिरात, सगळं बंद. लोकांचे इथे तीन गैरसमज असतात.

पहिला, "निकोटीन नसलेला द्रव वापरला तर चालतं." नाही चालत. व्याख्येतच लिहिलंय, निकोटीन असो वा नसो, पदार्थ तापवून ओढण्यासाठी वाफ तयार करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण. ई-हुक्काही त्यातच येतो.

दुसरा, "पूर्ण डिव्हाइस नाही, फक्त कॉइल मागवली." कायदा पूर्ण वस्तू आणि तिचा कुठलाही भाग, दोन्हींबद्दल बोलतो. बाहेरच्या वेबसाइटवरून कुरियरने मागवणं म्हणजे आयातच.

तिसरा गैरसमज तुमच्या-आमच्या वयाच्या पोरांसाठी सगळ्यात महत्त्वाचा. "मी विकत नाही, मित्राला दिलं फक्त." पैसे घेऊन दिलंत की ती विक्री. आणि वापराला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष प्रोत्साहन देणाऱ्या जाहिरातीत भाग घेणं हाही गुन्हा आहे, म्हणजे 'लिंक बायोमध्ये' म्हणत व्हेपची रील टाकणारा त्यात अडकू शकतो. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठ्यासाठी वेगळं कलम आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

नुसतं ओढण्यासाठी वेगळी शिक्षा कायद्यात लिहिलेली नाही, हे खरं. त्यावर वकिली करणारे बरेच भेटतात. पण ती वस्तू तुमच्या हातात येण्याचे सगळे रस्ते गुन्ह्यातून जातात. 'अर्ध्या किमतीत देतो' म्हणणारा तो मित्र, त्याला बहुधा माहीतही नाही की तो काय करतोय.

मग त्याने काय केलं?

डबा घेतला नाही. माझं ऐकून नाही घेतला, असा माझा दावा नाही. १,३०० अंशांचं गणित त्याने स्वतः परत करून बघितलं आणि म्हणाला, "म्हणजे स्क्रीन नुसती दाखवायला आहे." इतकंही नाही, पण मी वाद घातला नाही.

पेन सोडणं अजून चाललंय. मी त्याला राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा नंबर दिला, १८००-११-२३५६. टोल फ्री आहे, समुपदेशक बोलतात. निकोटीन सोडताना पहिले काही दिवस चिडचिड, झोप न लागणं, लक्ष न लागणं हे होतंच. ते दिवस त्याने परीक्षेत येऊ नयेत म्हणून आत्ताच सुरुवात केली, हे मला शहाणपणाचं वाटलं. आत्याला अजून सांगितलेलं नाही. तो म्हणाला, मी स्वतः सांगेन.

संपलेली पेनं त्याच्या बॅगेत चार निघाली. ती घंटागाडीच्या कचऱ्यात टाकू नका. आत लिथियमची बॅटरी असते. ती चेपली गेली तर गाडीत आग लागू शकते. बॅटरी उघडायच्याही भानगडीत पडू नका. तशीच टेप गुंडाळून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. त्याची चारही मी कारखान्यातल्या ई-कचऱ्याच्या पेटीत नेऊन टाकली. सुरक्षा अधिकाऱ्याने विचारलं, "ही कोणाची?" मी म्हटलं, घरातली आहेत.